काकडीचा घोडा, वांग्याची गाय

जपान म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये ठरावीक गोष्टी आठवतात. बुलेट ट्रेन, अ‍ॅनिमे, भूकंप आणि 'तिथे म्हणे सगळं वेळेवर असतं'! शिवाय जपानी भाषेची एन-फाइव्हची परीक्षा, कारण कुठल्यातरी सीनियरनं सांगितलेलं असतं की जपानी येत असेल तर प्लेसमेंटला बरं पडतं. माझ्यासाठी मात्र जपान म्हणजे रविवारी दुपारी मावशीकडचं जेवण.

त्याचं असं आहे, मित्रांनो. मी धुळ्याची. इंदिरानगरला राहणारी मावशी माझी लोकल गार्डियन. रविवारी मेसला सुट्टी मारून मी तिच्याकडे जेवायला जाते. (वरणभात, तूप, लिंबू... मेसच्या वरणाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, संपादक कापतील.) तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आणि वहिनी टोकियोला असतात. रविवारी साडेबाराला त्यांचा व्हिडिओ कॉल. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इकडे आम्ही पानावर बसलेलो आणि तिकडे त्यांचा चार वाजताचा चहा.

ते राहतात निशी-कासाई नावाच्या भागात. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात. वायटूकेचा प्रश्न आला तेव्हा, म्हणजे २००० सालाच्या आसपास, भारतातून बरेच सॉफ्टवेअर इंजिनियर जपानला गेले आणि त्यातले पुष्कळजण या भागात राहिले. तोझाई लाइनची गाडी पकडली की टोकियोच्या ऑफिसांच्या भागात सरळ जाता येतं. आता तिथे तूरडाळ मिळते, पोहे मिळतात, हिंदी तर रस्त्यात कानावर पडतं. २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपल्या महाराष्ट्रातले गृहस्थ निवडून आले. थोडक्यात काय, परदेश असला तरी अगदीच परका नाही.

सांगायची आहे ती गोष्ट त्यांच्या २०२५ च्या उन्हाळ्याची. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. जूनमध्ये त्यांचा पाऊस पडतो आणि जुलैच्या मध्यानंतर जे ऊन पेटतं ते सप्टेंबरपर्यंत. २०२५ चा उन्हाळा तर जपानच्या नोंदींमधला सगळ्यात गरम. ५ ऑगस्टला इसेसाकी नावाच्या गावात ४१.८ डिग्री! धुळ्याच्या माणसाला त्यात काय विशेष, पण तिकडची दमट हवा बघता ते ऐकूनच घाम येतो.

आणि अशा उन्हात दादा-वहिनींनी एकही शनिवार-रविवार घरात काढला नाही.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. फेब्रुवारीत काकांची अँजिओप्लास्टी झाली. दादा आठ दिवसांसाठी आला, सगळं नीट पार पाडून परत गेला. जाताना त्यानं सांगितलं की कंपनीशी त्याचा करार सप्टेंबरपर्यंत आहे. पुढे दोन वर्षं वाढवायचा की परत यायचं ते तेव्हा बघू. झालं! त्या दिवसापासून घरात 'सप्टेंबर' हा शब्द कोणी उच्चारेना. कॉलवर सगळं बोलणं व्हायचं, बीपी किती, पाणी आलं का, माझी सबमिशन झाली का. तेवढं एक सोडून. आणि जुलै लागला तसे फोटो यायला लागले.

आधी उएनोच्या तळ्यातली कमळं. मध्यभागी बेंतेनचं देऊळ. ही बेंतेन किंवा बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती बरं का! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली. मावशीनं स्क्रीनलाच नमस्कार केला. मग समुद्र दिन. जुलैतला तिसरा सोमवार त्यांच्याकडे समुद्राच्या नावानं सुट्टीचा असतो. समुद्र दिनाची सुट्टी घेऊन हे दोघं गेले कुठे, तर फुजी पर्वतावर! बसनं पाचव्या टप्प्यापर्यंत, म्हणजे सुमारे २३०० मीटर. तिथून चालत. वाटेत एका झोपडीत चार तास पाठ टेकायची आणि अंधारात पुन्हा निघायचं, सूर्योदय माथ्यावरून बघायला. आता वर जायला ४००० येन फी पडते आणि झोपडीचं बुकिंग नसेल तर दुपारी दोननंतर वाटेवर सोडत नाहीत, इतकी गर्दी व्हायला लागली होती. वहिनी संगमनेरची. तिनं अकरावीत कळसूबाई केलेलं. ती म्हणाली, "एका कळसूबाईवर दुसरी ठेव, वर एक टेकडी ठेव, की झाला फुजी." मी हिशेब करून बघितला (इंजिनियरिंगचा काहीतरी उपयोग!). १६४६ दुणे ३२९२. फुजी ३७७६. बरोबर आहे वहिनीचं.

पुढच्या शनिवारी सुमिदा नदीवरचं फटाक्यांचं प्रदर्शन. वीस हजाराच्या आसपास फटाके, आणि नदीकाठी चटया टाकून बसलेली माणसं. ही प्रथा १७३३ पासूनची असं सांगतात. आदल्या वर्षी दुष्काळात आणि साथीत पुष्कळ माणसं गेली, त्यांच्यासाठी जलदेवतेची पूजा झाली आणि आकाशात आतषबाजी केली गेली. त्याच दिवशी दुपारी नदीजवळच्या मात्सुचियामाच्या देवळात जाऊन आले. तिथला देव शोतेन हा मूळचा आपला गणपती. मूर्ती झाकलेली असते, आणि नैवेद्य काय, तर मुळा!

"मुळा? गणपतीला?" मावशी.

"मोदक मिळत नसतील बिचाऱ्यांना," काका.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याच वॉर्डातले फटाके. मग कामाकुराचा बुद्ध. तेराव्या शतकातला, ब्राँझचा, साडेअकरा मीटरच्या आसपास उंच, आणि आतून पोकळ. तिकीट काढून मूर्तीच्या पोटात जाता येतं. सगळं जग बाहेर उभं राहून फोटो काढतं, आणि आमच्या मेकॅनिकलवाल्या दादानं पाठवले आतले फोटो, ओतकामाचे थर कसे एकावर एक चढवलेत त्याचे! काकांनी ते बघितले आणि मला म्हणाले, "जपानला बुद्ध पोहोचला सहाव्या शतकात. आपल्या पांडवलेण्यात त्याच्या कितीतरी आधीपासून भिक्षू राहत होते. तू बघितलंस का?" मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "तुम्ही तरी कधी गेलात?" काका हसले. "बघू कधीतरी म्हणत चौतीस वर्षं गेली," म्हणाले.

पण दर रविवारी कॉल संपला की मावशी भांडी जरा जोरातच ठेवायची. एकदा म्हणाली, "इकडे आम्ही गोळ्या मोजतोय आणि हे दोघं भटकतायत! कसं सुचतं गं यांना?" काका पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "भटकू दे." एवढंच.

मग आला ११ ऑगस्ट. त्यांच्याकडे त्या दिवशी डोंगर दिनाची सुट्टी असते, हल्लीच म्हणजे २०१६ पासून सुरू झालेली. आणि गंमत म्हणजे २०२५ मध्ये नेमका तोच आपला श्रावणातला तिसरा सोमवार होता, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी फेरीचा. इकडे आम्ही विंगमधल्या सहाजणी मावशीच्या सहीच्या जोरावर रविवारी रात्री फेरीला निघालो. वीसेक किलोमीटर, पाऊस, चिखल, 'बम बम भोले', वाटेत कोणी कोणी दिलेला चहा आणि राजगिऱ्याचे लाडू. सोमवारी दुपारी पायांचे तुकडे घेऊन मी मावशीकडे जाऊन पडले, तर कॉल चालू! तिकडेही पाऊस होता. त्यांचं ताकाओ डोंगरावर जायचं रद्द झालेलं. सबंध उन्हाळ्यातला हा पहिला दिवस की दोघं घरात होते. कॉल चांगला दोन तास चालला.

वहिनीच्या टेबलावर काहीतरी हिरवं-जांभळं दिसत होतं. मावशीनं विचारलं तेव्हा तिनं कॅमेऱ्यासमोर धरलं. एक काकडी आणि एक वांगं, दोन्हीला काड्यांचे चार-चार पाय!

"हे काय गं?"

वहिनीनं सांगितलं की ऑगस्टच्या मध्यावर त्यांच्याकडे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. त्या तीन-चार दिवसांत पितर घरी येतात असं मानतात. काकडीचा असतो घोडा आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावर बसून यावं, म्हणजे लवकर पोहोचतील. आणि परत जाताना गाईवर बसून जावं, म्हणजे सावकाश जातील. शेजारच्या आजींनी तिला करायला शिकवलं होतं.

मावशी बघतच राहिली. मग म्हणाली, "छान आहे. यायला घाई, जायला नको."

मी आपलं विषय हलका करावा म्हणून म्हटलं, "वहिनी, आज घरी कशा तुम्ही दोघं? करमतंय का?"

ती हसली, पण मग म्हणाली, "नाही करमत गं. घरी बसलं की घर आठवतं. परवापासून बघ, सगळं टोकियो गावी जाईल. स्टेशनवर उभं राहायला जागा नसते. सुटकेस, खाऊचे डबे, पोरं. शेजारच्या आजींकडे त्यांची मुलं-नातवंडं येतील. सगळे एकमेकांना विचारतात, तुम्ही कधी निघणार? आम्हाला जायला गाव नाही इथे. म्हणून आम्ही फिरायला जातो."

कॉलवर कोणीच काही बोललं नाही. पावसाचा आवाज दोन्हीकडे येत होता. दादा मागे उभा राहून उगाचच खिडकी लावत होता.

मला वाटतं, मावशीनं त्या दिवसानंतर 'भटकणं' हा शब्द वापरला नाही.

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'आउटिंग' म्हणजे शाळेच्या बसमधून जायचं, सँडविच खायचं आणि सोमवारी त्यावर 'माय पिकनिक' हा निबंध लिहायचा, एवढंच मला ठाऊक. कोणी फिरायला गेलं म्हणजे मजेत आहे, हे आपण धरूनच चालतो. वहिनीच्या त्या एका वाक्यानं सगळे फोटो मला उलटे वाचता आले. ज्याला जायला गाव आहे, तो सुट्टीत काही ठरवत नाही. बॅग भरतो आणि जातो. ज्याला गाव नाही, त्याला यादी करावी लागते.

१३ तारखेला ते निघाले, ओसाकाला. बुलेट ट्रेननं अडीच तासांचं अंतर, पण हे गेले पॅसेंजरनं! तिकडे 'सेइशुन अठरा' नावाचं एक तिकीट मिळतं. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. १२,०५० येनमध्ये सलग पाच दिवस साध्या गाड्यांतून कितीही फिरा. पाच-सहा गाड्या बदलत दिवसभराचा प्रवास. दादा म्हणाला की आख्ख्या डब्यात गावी निघालेली माणसं होती, त्यांच्यात बसून आपणही कुठेतरी गावी निघालोय असं वाटत होतं.

ओसाकाला २०२५ चा वर्ल्ड एक्स्पो चालू होता. त्यातली 'ग्रँड रिंग' बद्दल आपल्या सिव्हिलवाल्यांनी वाचलंच असेल. दोन किलोमीटर घेराचं लाकडी कडं, वरून चालता येतं. जपानी देवळांची जुनी 'नुकी' पद्धत त्यात वापरली होती. उभ्या खांबाला आरपार भोक, त्यातून आडवं लाकूड, आणि पाचर. आताच्या काळात धातूचीही जोड दिलेली. दादानं काकांसाठी त्या सांध्यांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. काकांनी तो तीनदा बघितला.

आणि १६ च्या रात्री क्योटो. ओबोन संपतो त्या रात्री शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर प्रचंड मोठ्या आकाराच्या आगी पेटवतात, पितरांना निरोप द्यायला. पहिली आठ वाजता, 'मोठा' या अर्थाचं अक्षर. व्हिडिओत शहरातले दिवे, काळा डोंगर आणि त्यावर केशरी अक्षर. लोक अगदी शांत उभे. काका म्हणाले, "आपण रामकुंडावर पिंड देतो, हे उजेड दाखवतात." मावशी म्हणाली, "म्हणजे गाईवरून निघाले."

मग गणपती आले, गेले, आणि सप्टेंबर आलाच. एका रविवारी दादानं कॉलवर सांगितलं. करार दोन वर्षं वाढवतोय. कारणं त्यानं सांगितली, ती खरीच होती. घरकर्ज, वहिनीची नुकती लागलेली नोकरी, आणि आता परत आला तर पुन्हा शून्यापासून. मी ताटात बघत होते. वाटीतलं वरण गार झालेलं. मावशी "बरं" म्हणाली. काका म्हणाले, "ठीक आहे. तब्येतीला जप." माझ्या आठवणीत इतका छोटा कॉल कधी झाला नव्हता.

मला वाटलं, झालं, आता घरात कित्येक आठवडे सन्नाटा. पण पुढच्या रविवारी काकांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि म्हणाले, "पासपोर्टचा फॉर्म भरायचाय. दोघांचा."

याच्यात एक गंमत आहे, ती नाशिककरांनाच कळेल. काका प्रेसमधून रिटायर झालेले. प्रेस म्हणजे आपली नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ ची. सबंध देशाचे पासपोर्ट इथे छापले जातात! चौतीस वर्षं या माणसानं त्या गेटातून ये-जा केली, आणि स्वतःचा पासपोर्ट नव्हता. कधी लागलाच नाही. पासपोर्ट घरी आला तेव्हा काकांनी आपला फोटो वगैरे बघितलाच नाही. आधी पान उजेडाकडे धरलं, बोटानं कागद चाचपला, शिवण बघितली, मास्तर वही तपासतात तसं. मग मान हलवून म्हणाले, "काम चांगलं झालंय." ते पासपोर्टबद्दलच बोलत होते असं आपण धरून चालू.

ओबोनच्या आधी जायचं ठरतंय. डॉक्टरांनी हो म्हटलंय. मावशीची यादी आत्तापासून सुरू आहे. गोडा मसाला, नाशिकचा चिवडा, आणि शेजारच्या आजींसाठी एक पैठणीचा बटवा. मी तिला चिडवलं, "काय मावशी, आता तुम्ही पण भटकणार का?" तर म्हणाली, "त्यांना तिथे गाव नाही ना? मग गावानंच जायला काय हरकत आहे?"

आता थोडं आपल्या हॉस्टेलबद्दल. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. तीन दिवसांची सुट्टी, झेंडावंदन झालं आणि दुपारपर्यंत आमची विंग रिकामी. मागे राहिलो चौघी. एक आसामची, तिचं गाव ट्रेननं दोन दिवसांवर. एक गडचिरोलीची. एकीच्या घरी काही अडचण होती, तिनं सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. आणि मी, कारण मला सबमिशन पूर्ण करायचं होतं. रिकाम्या हॉस्टेलचा आवाज कधी ऐकलाय का तुम्ही? गळका नळ तीन मजले ऐकू येतो!

वहिनीचं वाक्य डोक्यात होतंच. आम्ही वहीच्या मागच्या पानावर यादी केली. पांडवलेणी, अंजनेरी, नांदूर मध्यमेश्वर. १६ तारखेला सिटीलिंकच्या बसनं पांडवलेण्याला गेलो. चोवीस लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची ती आई. मुलाच्या मागे, नातवाच्या राज्यात, तिनं आपल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून ठेवलं, आणि ते अठराशे-एकोणीसशे वर्षांनी आम्ही चौघी मान वर करून बघत होतो. एकीलाही अक्षर लागलं नाही, पण एका आईनं लिहून घेतलंय एवढं माहीत असलं की पुरे.

आसामच्या मैत्रिणीनं तिथून आईला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, तिनं आम्हाला सांगितलं. "जेवलीस का?" तेवढंच. लेण्यांबद्दल एक शब्द नाही. आम्ही हसलो, पण मला एकदम दर रविवारचे फोटो आठवले. फुजीचे, बुद्धाचे, कमळांचे. त्यातल्या प्रत्येकाखाली न लिहिलेलं एकच वाक्य होतं, आम्ही ठीक आहोत. आणि मावशीनं दर वेळी विचारलेलं, "छत्री नेली होती का? काय खाल्लं?", तेही या "जेवलीस का"च्याच जातीचं.

म्हणून एक विनंती. पुढच्या लाँग वीकएंडला बॅग भरून जिना उतरण्याआधी कॉरिडॉरमध्ये एकदा बघा, कोणाच्या रूमचा लाइट चालू आहे ते. रेक्टर मॅडम आणि मेसच्या काकू, तुम्हीही. त्या तीन दिवसांत दहाच ताटं असली तरी ती दहा माणसं फिरून भुकेली येतात. आणि जमलं तर, मित्रांनो, मागे राहणाऱ्याला घेऊनच जा ना आपल्या गावी. माझ्याकडे धुळ्याला कोणीही या. फक्त एक सांगून ठेवते, आम्ही खान्देशी माणसं. आमच्याकडे वांग्याची गाय होत नाही, भरीत होतं.

— टी.ई. (ई अँड टीसी), मुलींचं हॉस्टेल